रोमिओ-ज्युलिएटचा पहिला अंक कापण्याआधी

तुमचा प्रश्न आधी थोडक्यात मांडतो, म्हणजे उत्तर कशाला चाललंय ते इतरांनाही कळेल. तुमचा महाविद्यालयीन गट 'रोमिओ आणि ज्युलिएट' मराठीत बसवतोय आणि हाताशी दोन तास आहेत. पहिल्या वाचनानंतर सगळ्यांचं मत पडलं की हे नाटक सुरू व्हायलाच फार वेळ घेतं. नायक-नायिका भेटतात पहिल्या अंकाच्या पाचव्या प्रवेशात. त्याआधी नोकरांची हाणामारी, रोमिओचं भलत्याच मुलीसाठी झुरणं, दाईची न संपणारी बडबड. तेव्हा हे सगळं उडवून मेजवानीपासूनच पडदा उघडावा का? निवेदक पहिल्याच मिनिटाला शेवट सांगून टाकतो, त्यालाही काढावं का? आणि दोन घराणी दोन वेगळ्या जातींची दाखवली तर?

मेजवानीपासून सुरू करू नका. कापण्यासारखं पुष्कळ आहे, ते शेवटी सांगतो. पण तुम्ही जे कापायला निघालाय त्याच्यावरच ती मेजवानी उभी आहे.

दोघं भेटेपर्यंत मूळ संहितेत सुमारे साडेसहाशे ओळी जातात, हे खरं. या ओळींत शेक्सपिअर प्रेक्षकाला एकेक माहिती देत जातो, आणि त्या दोघांपासून ती राखून ठेवतो. त्यामुळे मेजवानीत त्यांचे हात एकमेकांना लागतात तेव्हा त्या स्पर्शाची किंमत सभागृहातल्या शेवटच्या रांगेलाही माहीत असते, फक्त त्यांना दोघांना नसते. ही किंमत आधी ठरलेली नसेल तर तुमच्या हाती एक गोड प्रवेश उरेल. तसे गोड प्रवेश आपल्या मालिकांत रोज रात्री फुकट बघायला मिळतात.

निवेदकापासून सुरुवात करू. त्याच्या वाट्याला चौदा ओळी आहेत, म्हणजे एक अख्खं सुनीत. तेवढ्यात तो सांगतो की व्हेरोना शहरात दोन घराणी आहेत, त्यांच्यात जुनं वैर आहे, त्यांच्या पोटी जन्मलेली दोन मुलं नशिबाचा फेरा उलटा घेऊन आली आहेत, ती जीव देतील आणि त्यांच्या मरणानेच आईबापांचं भांडण मिटेल. नाटक दोन तासांचं असेल, हेही सांगतो. आपल्याकडे नांदीनंतर सूत्रधार आणि नटी येतात, आज कोणतं नाटक, कवी कोण, ऋतू कोणता, असं बोलतात आणि प्रेक्षकाला नाटकाच्या दारापर्यंत आणून सोडतात. ते शेवट सांगत नाहीत. हा इसम सरळ प्रेतं मोजून दाखवतो.

'पुढे काय होणार' ही उत्सुकता त्याने पहिल्या मिनिटात संपवली, याला तुमचा गट दोष म्हणतोय. मला वाटतं, शोकांतिकेचं यंत्र इथेच सुरू होतं. शेवट माहीत असलेला प्रेक्षक प्रत्येक प्रवेशात सुटकेची वाट शोधत बसतो. नोकराने मेजवानीच्या पाहुण्यांची यादी रोमिओऐवजी दुसऱ्या कोणाला दाखवली असती तर? ज्युलिएटच्या नात्यातल्या टिबल्टने मेजवानीत रोमिओचा आवाज ओळखला नसता तर? हे 'तर' प्रेक्षकाच्या मनात सतत उठत राहावेत म्हणून शेवट आधी सांगितलेला आहे. छापील इतिहासात निवेदकाची ही सुरुवातीची ओळख एकदा गळलेली आहे: 1597 आणि 1599 च्या सुट्या आवृत्त्यांत ती आहे, 1623 च्या एकत्रित ग्रंथात नाही. तेव्हा ती काढली तर नाटक कोसळेल असं मी म्हणणार नाही. पण तसं केलंत तर पुढची मारामारी नुसती मारामारी होते, आणि रोमिओचं झुरणं नुसतं झुरणं.

ती म्हणायची कशी? सरळ, थोडी भरभर, शहरातली बातमी सांगावी तशी. मागे सारंगी लावू नका. आवाज कातर करू नका. रडायचं कधी, ते प्रेक्षक ठरवेल.

आता जातीचा मुद्दा इथेच घेतो, कारण त्याचं उत्तर निवेदकाच्या पहिल्याच ओळीत आहे. दोन्ही घराणी तोलामोलाची आहेत, असं तो म्हणतो. प्रतिष्ठेत कोणी कमी नाही, कोणी जास्त नाही. आणि भांडणाचं कारण? पूर्ण नाटक चाळा, कारण सापडणार नाही. 'जुनं वैर' एवढंच. पुढे राजा म्हणतो की एका पोकळ शब्दावरून तीनदा शहरात दंगल झाली. कोणता शब्द, कोण बोललं, ते कोणालाच आठवत नसावं. हे वैर दोन्ही बाजूंना सारखं आहे आणि निष्कारण आहे, म्हणून ते मूर्खपणाचं आहे. एका घराण्याला वरचं आणि दुसऱ्याला खालचं केलंत की वैराला कारण मिळतं, इतिहास मिळतो, एक बाजू अन्याय करणारी आणि दुसरी सोसणारी होते. तसं नाटक आपल्या मातीत लिहिलं जावं, आणि लिहिलं जातंही. पण मग 'दोन्ही घरांचं वाटोळं होवो' हा रोमिओचा मित्र मर्क्युशिओ याचा मरतानाचा शाप खोटा पडतो, आणि शेवटी दोन बापांनी एकमेकांचे हात हातात घेणं तर अश्लीलच वाटेल. तुम्हाला जातीवर नाटक करायचं असेल तर नवं लिहा. हेच करायचं असेल तर दोन्ही घरं एकाच आळीतली, एकाच ऐपतीची ठेवा. एकाच भावकीतली ठेवलीत तरी चालेल. बांधावरून तीन पिढ्या न बोलणारी घरं आपल्याकडे काय कमी आहेत?

पहिला प्रवेश. तुमच्या गटाला तो 'नोकरांची हाणामारी' वाटला. तालमीत तो ओळ-ओळ सोडवून बघा, नाटकातली बरीच माणसं त्यात स्वतःची ओळख करून देतात.

सुरुवात विनोदी आहे. सॅम्सन आणि ग्रेगरी हे ज्युलिएटच्या बापाचे, कॅप्युलेटचे नोकर बढाया मारत येतात, शब्दांचे खेळ करतात, बायकांबद्दल वाह्यात बोलतात. रोमिओच्या घरचे, म्हणजे माँटेग्यूंचे नोकर समोर दिसताच दोघांचाही आवाज खाली येतो. आधी तू काढ, मी मागे आहेच, असं चालतं. शेवटी सॅम्सन अंगठा चावून दाखवतो. तिकडे हा अपमान समजला जाई. समोरचा विचारतो, आम्हाला बघून अंगठा चावलात काय? सॅम्सन हळूच ग्रेगरीला विचारतो, 'हो' म्हटलं तर कायदा आपल्या बाजूला राहील का? नाही, ग्रेगरी सांगतो. मग सॅम्सन मोठ्याने म्हणतो, अंगठा चावतोय, पण तुम्हाला बघून नाही. या ठिकाणी प्रेक्षक हसलाच पाहिजे. या वैरात ज्यांचं काहीच अडलेलं नाही ते नोकर कायद्याची पळवाट शोधत भांडतायत, आणि तेवढ्यात ग्रेगरीला मालकाचा नातेवाईक येताना दिसतो, म्हणून लगेच धिटाई येते. मालकाच्या नजरेत भरण्यासाठी तलवार उपसली जाते. वैर वरून खाली कसं झिरपतं, यावर एक भाषण न लिहिता त्याने ते दाखवलंय.

मग रोमिओचा चुलतभाऊ बेनव्होलिओ येतो आणि तलवार काढतो, ती भांडण सोडवायला. लगोलग टिबल्ट येतो. त्याला दिसतं काय? माँटेग्यूंचा एक तरुण, हातात नंगी तलवार, समोर आपले नोकर. बेनव्होलिओ सांगतो, मी शांतता राखतोय. टिबल्ट म्हणतो, तलवार हातात आणि शांततेची भाषा? या शब्दाचा मला नरकाइतका तिटकारा आहे, तितकाच सगळ्या माँटेग्यूंचा आणि तुझा. संपली ओळख. हा पहिल्या प्रवेशात एवढंच बोलतो. मोजून चार-पाच ओळी, पण नट चांगला असेल तर तो परत येईपर्यंत प्रेक्षक त्याची वाट बघत राहतो.

आता म्हातारे. कॅप्युलेट घरच्या झग्यातच धावत येतो आणि ओरडतो, माझी मोठी तलवार आणा! त्याची बायको म्हणते, तलवार कशाला मागता, कुबडी मागा. समोरून माँटेग्यू येतो, त्याला त्याची बायको धरून ठेवते: एक पाऊल पुढे टाकू देणार नाही. शस्त्रांकडे लक्ष द्या, कारण वेशभूषा आणि प्रॉपर्टी बघणाऱ्या मुलामुलींना इथे खरं काम आहे. नोकरांकडे साध्या तलवारी आणि छोट्या ढाली आहेत. टिबल्टचं शस्त्र म्हणजे त्या वेळी लंडनमध्ये फॅशनमध्ये आलेली बारीक, लांब, इटालियन धाटणीची तलवार; मेजवानीत तो तीच मागतो. कॅप्युलेट मागतो ती त्याच्या तरुणपणीची अवजड तलवार, जी या भांडणाच्या काळात जुनाट झाली होती. एकाच भांडणात तीन काळांची शस्त्रं आहेत. तुम्ही आजच्या कपड्यांत करणार असाल तर मोबाइल आणि पिस्तुलं नाचवण्याआधी याचा विचार करा. म्हाताऱ्याच्या हातात जे येईल ते बघून हसू यायला हवं.

आणि राजा. एस्कलसचं भाषण मुलं हमखास कापतात, 'लांब आणि कोरडं' म्हणून. लांब आहे, अर्धं करा. पण एक वाक्य गेलं तर तुमचं नाटक तिसऱ्या अंकात लंगडं होईल: पुन्हा शहरात असा दंगा झाला तर तुमच्या प्राणांनी भरपाई होईल. हा नियम आहे म्हणूनच तिसऱ्या अंकात रोमिओच्या हातून टिबल्ट मेला की मरण की हद्दपारी हा प्रश्न उभा राहतो. हद्दपारी झाली म्हणून साधूचा ज्युलिएटला मेल्यासारखं झोपवणाऱ्या औषधाचा बेत, बेत झाला म्हणून पत्र, पत्र पोचलं नाही म्हणून थडग्यातला शेवट. त्या सगळ्याची दोरी इथे बांधलेली आहे. नटाला एवढंच सांगा की राजा चिडलेला आहे आणि थकलेलाही आहे. ही धमकी तो पहिल्यांदा देत नसावा, असं ऐकताना वाटायला हवं. शेवटच्या प्रवेशात तो स्वतःच कबूल करतो की मी काणाडोळा केला आणि माझेही दोन आप्त गमावले.

गर्दी पांगते आणि माँटेग्यूची बायको विचारते, रोमिओ कुठे आहे? बरं झालं, तो या भांडणात नव्हता. ही बाई पुन्हा नाटकात एक शब्दही बोलत नाही. मुलाच्या हद्दपारीच्या दुःखाने ती गेली, असं शेवटी माँटेग्यू सांगतो. तिच्या या दोन ओळी कापल्या तर ती शेवटची बातमी कोणाबद्दल आहे, हे कोणालाच कळत नाही. या भूमिकेसाठी मुलगी कमी पडतेय म्हणून उडवू नका. दाई करणारीलाही दुहेरी भूमिका करता येते.

पण या प्रश्नाने आणखी एक काम होतं. दंगल चालू असताना नायक तिथे नाही. रंगमंचावर अर्ध शहर येऊन गेलं, आणि ज्याच्या नावाचं नाटक तो शहराबाहेर झाडांखाली पहाटेपासून एकटा फिरतोय. त्याची ओळख आधी आई-बाप आणि भाऊ करून देतात: दिवसा खिडक्या बंद करून स्वतःपुरती रात्र करून बसतो, विचारलं तर सांगत नाही. मग तो येतो. पहिलं वाक्य काय? दिवस अजून एवढा लहान आहे? बेनव्होलिओ सांगतो, आत्ताच नऊ वाजले. त्याला वेळ जाता जात नाही. ज्या नाटकात पुढे कोणालाच वेळ पुरणार नाही, त्याचा नायक वेळ जात नाही म्हणून कण्हत येतो.

शेक्सपिअरच्या हाताशी आर्थर ब्रूकचं 1562 सालचं इंग्रजी दीर्घकाव्य होतं. त्यात ही कथा काही महिने चालते आणि मुलगी सोळाच्या घरात आहे. त्याने काळ आवळून चार-पाच दिवसांवर आणला आणि मुलीला तेरा वर्षांची केलं. रविवारी सकाळी नऊला सुरुवात, रात्री मेजवानी, सोमवारी दुपारी लग्न. पहिला अंक म्हणजे एक रविवार. हे तालमीच्या खोलीत भिंतीवर लिहून ठेवा. 'सुरुवात संथ आहे' ही तक्रार बरेचदा संहितेची नसते, दोन प्रवेशांमधल्या अंधाराची असते. नेपथ्य हलवायला प्रत्येक वेळी ब्लॅकआउट घ्याल तर रविवार संपणारच नाही. मूळ रंगमंचावर दुपारच्या उजेडात, पडद्याविना, एक पात्र जाता जाता दुसरं येत असे. 1597 आणि 1599 च्या आवृत्त्यांत अंक-प्रवेशांचे आकडेही नाहीत. तसंच करा.

आता रोझलाइन, म्हणजे रोमिओ आधी जिच्यासाठी झुरतोय ती मुलगी. तिला कापायची कल्पना नवी नाही. अठराव्या शतकात लंडनला डेव्हिड गॅरिक या नामवंत नटाने आपल्या प्रयोगातून तिला काढूनच टाकलं. नायकाने सकाळी एकीसाठी रडावं आणि रात्री दुसरीवर भाळावं, हे त्या काळच्या प्रेक्षकाला नायकाला न शोभणारं वाटत होतं. त्याच गॅरिकने शेवटी थडग्यात रोमिओ मरायच्या आधी ज्युलिएटला जागं करून दोघांना बोलायला लावलं. म्हणजे दोन्ही टोकांना नाटक गोड केलं. प्रयोग चालले, खूप चालले. तरीही मी तिला ठेवीन.

रोझलाइन रंगमंचावर कधीच येत नाही. पहिल्या प्रवेशात तर तिचं नावही नाही. रोमिओ तिच्याबद्दल बोलतो तेव्हा भाषा कशी आहे ते बघा: शिशाचं पीस, उजळ धूर, थंड आग, आजारी आरोग्य. एकामागून एक विरोधाभास, यमकं जुळवलेली, सगळी त्या काळच्या प्रेमकवितांच्या फॅशनमधून उचललेली. हा मुलगा मुलीच्या प्रेमात कमी आणि प्रेमात असण्याच्या प्रेमात जास्त आहे. नटाला हे खोटं करायला सांगू नका. रोमिओला ते खरंच वाटतंय. फक्त समोर बेनव्होलिओला हसू आवरत नाहीये. पुढे ज्युलिएट भेटल्यावर त्याची भाषा बदलते, आणि ती बदललेली कानाला जाणवायची तर आधीची ऐकलेली पाहिजे. रोझलाइनचं काम एवढंच, पण ते दुसऱ्या कशाने होत नाही.

एक गंमत अनेक दिग्दर्शकांच्याही नजरेतून सुटते. दुसऱ्या प्रवेशात कॅप्युलेटच्या नोकराच्या हातात पाहुण्यांची यादी आहे आणि त्याला वाचता येत नाही. तो रस्त्यात दिसलेल्या रोमिओलाच वाचून द्यायला सांगतो. त्या यादीत 'माझी गोरीगोमटी पुतणी रोझलाइन' असं आहे. म्हणजे रोमिओचं पहिलं प्रेमही शत्रूच्याच घरातलं होतं! आणि त्याबद्दल त्याला, बेनव्होलिओला, कोणालाच काही विशेष वाटत नाही. वैर एवढं जीवघेणं आहे, तरी तरुण मुलांना आपण कोणाच्या घराकडे बघतोय याचं भान नाही. त्याच यादीत टिबल्ट आहे आणि मर्क्युशिओही आहे. तिसऱ्या अंकात ज्यांची प्रेतं पडणार ती दोन नावं रोमिओ स्वतः मोठ्याने वाचतो. नटाने कुठल्याही नावावर थांबायचं नाही, फक्त रोझलाइनवर आवाज अडखळू दे.

त्याच प्रवेशात आधी कॅप्युलेट आणि पॅरिस. पॅरिस हा तरुण सरदार ज्युलिएटला मागणी घालतोय. बाप म्हणतो, पोर अजून चौदाची नाही, आणखी दोन उन्हाळे जाऊ देत. पॅरिस म्हणतो, तिच्याहून लहान मुली आया झाल्यात. बापाचं उत्तर: लवकर झाल्या त्या लवकर कोमेजल्या. बाकी सगळी मुलं मातीत गेली, ही एकच उरली आहे, तिचं मन जिंक, माझी संमती तिच्या पसंतीच्या मागून. किती शहाणा बाप! हाच माणूस तिसऱ्या अंकात तिला न विचारता लग्नाची तारीख ठरवतो आणि तिने नाही म्हटल्यावर घराबाहेर काढायची भाषा करतो. कॅप्युलेटला पहिल्यापासून राक्षस केलंत तर हा उलटा प्रवास हरवेल. त्याला आधी प्रेक्षकाचा लाडका होऊ द्या.

दाईचा प्रवेश तुम्ही 'बडबड' म्हणून बाजूला ठेवलाय. माझ्या मते पहिल्या अंकातलं सगळ्यात चांगलं लेखन तिथेच आहे. विषय काय, तर ज्युलिएटचं वय. एका वाक्याचं उत्तर. दाई ते सांगायला धरणीकंपापासून सुरू करते: अकरा वर्षांपूर्वी भूकंप झाला त्या दिवशी मी तिचं दूध तोडलं, स्तनाला कडू वनस्पती लावली, कबुतरखान्याच्या भिंतीपाशी उन्हात बसले होते, मालक-मालकीण परगावी होते. मध्येच एका श्वासात येऊन जाते तिची स्वतःची मुलगी सुसान, ज्युलिएटच्याच वयाची: ती देवाघरी गेली, माझ्यासाठी फारच चांगली होती. आणि पुन्हा बडबड, नवऱ्याचा चावट विनोद, तोच विनोद पुन्हा, आणखी एकदा. हसता हसता प्रेक्षकाला कळतं की या बाईने आपल्या मेलेल्या मुलीचं दूध या मुलीला पाजलंय. शेजारी खरी आई उभी आहे, जिला मुलीशी एकांतात बोलायचं तर दाईला बाहेर पाठवते आणि लगेच परत बोलावते, कारण एकटीने पोरीशी बोलायचं कसं, ते तिला माहीत नाही. हे सगळं त्या 'बडबडी'त आहे. विनोदाची पुनरावृत्ती एकदा कापा, हवं तर. सुसानला हात लावू नका, आणि तिथे विराम घेऊ नका. दाई थांबत नाही म्हणून तर ते लागतं.

या सगळ्यात ज्युलिएट? हाताच्या बोटांवर मोजता येतील एवढ्या ओळी. मी आले आई, काय आज्ञा? लग्नाबद्दल विचारल्यावर: हा मान मी स्वप्नातही पाहिलेला नाही. पॅरिस आवडेल का, यावर: बघून आवडत असेल तर बघेन, पण तू परवानगी देशील तेवढीच माझी नजर खोल जाईल. ज्युलिएट करणाऱ्या मुली या प्रवेशात 'काहीच करायला नाही' म्हणून नाराज असतात. त्यांना म्हणावं, इथे तुझ्या हातात काहीच नाही, हेच तर करायचंय. ती फक्त उत्तरं देते, विचारल्यावरच बोलते. मात्र दाईला 'पुरे' म्हणते ती एक ओळ सोडू नका. तिच्यात एक धार आहे याची तीच पहिली खूण.

मर्क्युशिओवर थोडक्यात. स्वप्नं दाखवणाऱ्या परीचं, राणी मॅबचं वर्णन करणारं त्याचं चाळीसएक ओळींचं भाषण हे नटांचं आवडतं कुरण आहे, आणि तिथे हमखास वेळ जातो. निम्मं करा, पण शेवट ठेवा, जिथे गंमत करता करता त्याचा तोल जातो आणि रोमिओला त्याला थांबवावं लागतं. त्यानंतर रोमिओ म्हणतो की काहीतरी अजून ताऱ्यांत लटकतंय, आजच्या रात्रीपासून सुरू होईल, असं मनात येतंय. मग तो चल म्हणतो आणि जातो. निवेदकानंतर संकटाची चाहूल इतकी उघड पहिल्यांदाच येते. हलकी घ्या.

आता मेजवानी. इथवर जे जमवलं ते इथे वसूल होतं. कॅप्युलेट रंगात आलाय, पायाला भोवरी नसलेल्या बायकांना नाचायला बोलावतोय. रोमिओ एका नोकराला विचारतो, ती कोण? नोकर म्हणतो, माहीत नाही. स्वतःच्या घरच्या मुलीबद्दल! तो नोकर बाहेरून आणलेला असेल, किंवा लेखकाला एवढ्यात नाव सांगायचं नसेल. रोमिओ बोलू लागतो आणि त्याचा आवाज टिबल्टच्या कानावर पडतो. म्हणजे प्रेमाच्या पहिल्या उद्गारानेच तो पकडला जातो. टिबल्ट तलवार मागवतो. कॅप्युलेट त्याला अडवतो: राहू दे त्याला, व्हेरोनात सगळे त्याचं चांगलं बोलतात, माझ्या घरात कोणाचा अपमान नको. टिबल्ट ऐकत नाही म्हटल्यावर म्हातारा त्याला चारचौघांत झापतो आणि मध्येच पाहुण्यांकडे वळून हसतो. टिबल्ट जातो तो ही ओळ टाकून: आज गोड वाटतंय, याचं कडू विष होईल.

आणि मूळ संहितेत याच्या लगेच पुढची ओळ रोमिओची आहे, ज्युलिएटचा हात हातात घेऊन. मध्ये काही नाही. तुमच्या बसवण्यात इथे संगीत वाढवून, प्रकाश बदलून, गर्दी गोठवून एक 'जागा' करायचा मोह होणार. थोडंसं करा, पण टिबल्टची पाठ विंगेत दिसेनाशी होण्याआधी हात धरला गेला पाहिजे. द्वेष आणि प्रेम एकाच प्रकाशात दिसले पाहिजेत.

त्यांचं पहिलं बोलणं म्हणजे पुन्हा एक सुनीत, निवेदकासारखंच चौदा ओळींचं, पण दोघांत वाटलेलं. पहिल्या चार ओळी त्याच्या: हात म्हणजे देवस्थान, ओठ म्हणजे यात्रेकरू. पुढच्या चार तिच्या, त्याचीच प्रतिमा पकडून, त्याला हळूच अडवत: तळव्याला तळवा लागणं हेच यात्रेकरूंचं चुंबन. मग एक ओळ त्याची, एक तिची, दोन त्याच्या, आणि शेवटची जोडओळ एक-एक. यमक पुरं होतं आणि चुंबन. मघाशी आईपुढे फक्त उत्तरं देणारी मुलगी इथे त्याच्या बरोबरीने कविता रचतेय. रोझलाइनपुढे एकट्यानेच यमकं जुळवणाऱ्या रोमिओला यमक परत करणारं माणूस भेटलंय. कोणीही 'माझं प्रेम आहे' म्हणत नाही, गरजच नाही. म्हणून तुमच्या अनुवादकाला सांगा, इथलं गद्य करू नका. केशवसुतांपासून सुनीत मराठीत रुळलं आहे, यमकं सांभाळून चौदा ओळी करता येतात. प्रेक्षकाला ओळी मोजता येणार नाहीत, पण दोन आवाज एकाच छंदात आले हे कानाला कळतं. ते दुसरं सुनीत सुरू करतात आणि चार ओळींतच दाई येते: आई बोलावतेय.

नंतर ओळख पटते, दोघांना वेगवेगळी. रोमिओ दाईला विचारतो आणि एका ओळीत हिशोब मांडतो: माझा जीव शत्रूच्या देण्यात गेला. ज्युलिएट हुशार आहे, आधी दोन भलत्याच तरुणांची नावं विचारते, मग त्याचं. दाई नाव शोधायला जाते तेवढ्यात म्हणते, त्याचं लग्न झालेलं असेल तर थडगं हीच माझी लग्नाची शेज. ही ओळ गडद करू नका. तेरा वर्षांची मुलगी ती जीव टांगणीला लागल्यासारखी, अतिशयोक्तीनेच म्हणते. निवेदक प्रेक्षकाने ऐकलेला आहे, बाकीचं काम तो करतो. आणि नाव कळल्यावर ती काही पुटपुटते, ते काय म्हणून दाई विचारते, तेव्हा ज्युलिएट नाटकातलं पहिलं खोटं बोलते: आत्ता ज्याच्याबरोबर नाचले त्याने शिकवलेली एक कविता. या क्षणापासून दाईलाही पूर्ण खरं मिळणार नाही.

आता कात्री. नोकरांच्या पहिल्या शब्दकोट्या बहुतेक जाऊ द्या, मराठीत त्या होत नाहीत. अंगठ्यापासून सुरू करा. राजाचं भाषण अर्धं. पहाटेचं आणि ढगांचं माँटेग्यूचं वर्णन जवळजवळ पूर्ण काढा. रोमिओचे विरोधाभास चार ठेवा. कॅप्युलेटच्या बायकोचं पॅरिसला पुस्तकाची उपमा देणारं भाषण पूर्ण काढा, कोणालाही चुकल्यासारखं वाटणार नाही. मॅब निम्मी. मेजवानीच्या सुरुवातीला ताटं उचलणाऱ्या नोकरांचा तुकडा आणि कॅप्युलेटची भावाबरोबरची जुन्या दिवसांची उजळणीही जाऊ शकते, जरी मला ती आवडते. दुसऱ्या अंकाच्या तोंडाशी निवेदक पुन्हा एक सुनीत म्हणतो. जे झालं तेच पुन्हा सांगतो. अठराव्या शतकातले इंग्रज समीक्षक डॉ. जॉन्सन यांनाही त्याचा उपयोग कळला नव्हता. ते काढा आणि दाई ज्युलिएटला आत नेतेय तोवरच रोमिओला बागेच्या भिंतीपाशी येऊ द्या. एवढ्या कापाकापीनंतर पहिला अंक पस्तीस मिनिटांच्या आत बसायला हवा. बसला नाही तर संहिता पुन्हा उघडण्याआधी प्रवेशांमधले अंधार मोजा.